पथ्याला चालणारा वाढदिवसाचा केक

मैत्रिणींनो, केकविषयी पत्रं या सदराकडे नेहमीच येतात. कुणाचा केक मधेच बसतो, कुणाचा तळाला करपतो, कुणाच्या घरी अंड्याचा वास खपत नाही. या खेपेला बोईसरहून आलेलं पत्र मात्र जरा निराळं आहे. त्यातला थोडा भाग त्या मैत्रिणीच्याच शब्दांत देते.

"ताई, माझ्या मामंजींनी ऐंशी पार केली आहे. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. तेव्हापासून लोणी, तूप, साय, अंड्याचा बलक सगळं बंद. घरात नातवंडांचे वाढदिवस होतात, बेकरीतून क्रीमचा केक येतो आणि मामंजींच्या पुढे मी सफरचंदाच्या फोडी ठेवते. ते काही बोलत नाहीत. पण हल्ली केक कापायच्या वेळीच त्यांना नेमकं फिरायला जायचं असतं. परवा सहज म्हणाले, 'अणुकेंद्राचं बांधकाम चालू होतं तेव्हा एका अमेरिकन इंजिनिअरच्या घरी मी वायरिंगला गेलो होतो. नाताळ होता. बाईंनी पांढराशुभ्र केक दिला, अगदी कापसासारखा. यात लोणी नाही म्हणाल्या.' जानेवारीत मामंजींचा वाढदिवस आहे. असा केक खरंच असतो का? आणि आपल्याला घरी जमेल का?"

असतो, आणि जमतोही. त्याचं नाव एंजल फूड केक, म्हणजे देवदूतांचा खाऊ. इतका हलका आणि पांढरा, म्हणून हे नाव. हा मूळचा अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडे हातानं फिरवायची अंडी फेटण्याची यंत्रं घरोघर आली आणि हा केक गृहिणींच्या आवाक्यात आला. त्याआधी डझनभर अंड्यांचं पांढरं काट्यानं फेटायचं म्हणजे खांदा भरून यायचा.

मामंजींची आठवणही पक्की दिसते. तारापूरच्या अणुवीज केंद्राचा भारत-अमेरिका करार १९६३ साली झाला. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीनं ते केंद्र बांधून दिलं आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथल्या विजेचा रीतसर पुरवठा सुरू झाला. बांधकामाच्या त्या वर्षांत अमेरिकन तंत्रज्ञ तारापूरला राहत होते. त्यांच्यातल्या एखादीनं नाताळात आपल्या माहेरचा केक केला आणि दारी आलेल्या मुलाच्या हातावर एक फोड ठेवली, तर त्यात नवल ते काय? आपणही दिवाळीत तेच करतो.

या केकमध्ये काय असतं, काय नसतं

नेहमीच्या केकला आपण लोणी आणि साखर फेसतो, मग त्यात पूर्ण अंडी घालतो. एंजल केकमध्ये लोणी नाही, तूप नाही, तेल नाही, दूध नाही आणि बलकही नाही. बेकिंग पावडर किंवा सोडासुद्धा नाही. फक्त अंड्याचं पांढरं, साखर आणि थोडासा मैदा. तो फुगतो तो निव्वळ हवेवर. पांढऱ्यात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणी आणि उरलेला भाग बहुतेक प्रथिनं असतात. फेटल्यावर ही प्रथिनं हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात आणि ओव्हनच्या उष्णतेनं तो पडदा घट्ट होतो.

अंड्यातली सगळी चरबी आणि कोलेस्टेरॉल बलकात असतं. एका बलकात साधारण साडेचार ते पाच ग्रॅम चरबी असते. पांढऱ्यात ती जवळजवळ शून्य. म्हणूनच बायपास झालेल्या माणसाला डॉक्टर "पांढरं खा" असं सांगतात. हल्ली काही डॉक्टर एखादं पूर्ण अंडंही चालतं म्हणतात. पण मैत्रिणींनो, शेजारणीच्या डॉक्टरांचं ऐकू नका, आपल्या घरच्या माणसाला जे तपासतात त्यांचंच ऐका.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. या केकमध्ये चरबी नाही म्हणजे तो औषध झाला असं नव्हे. साखर यात भरपूर आहे. खाली दिलेल्या प्रमाणात दहा फोडी केल्या तर प्रत्येक फोडीत सुमारे पंधरा ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पडते. मामंजींना हृदयविकाराबरोबर मधुमेहही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा केक देऊ नका. साखर निम्मी करून चालेल का, असं पुष्कळजणी विचारतील. चालणार नाही. साखर इथे गोडीपुरती नाही, ती फेसाला उभं धरते. कमी केलीत तर केक चिवट होईल आणि बसेल. त्यापेक्षा फोड लहान कापावी.

साहित्य

अंडी ७ (फक्त पांढरं घ्यायचं, मापानं सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे मापाचा पाऊण कप भरून वर थोडं)
घरी दळून चाळलेली पिठीसाखर १५० ग्रॅम
मैदा ५५ ग्रॅम
कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम (एक मोठा चमचा)
ताज्या लिंबाचा गाळलेला रस दीड लहान चमचा
व्हॅनिला इसेन्स १ लहान चमचा
मीठ चिमूटभर

अंडी लहान असतील तर आठ घ्या. संख्येपेक्षा माप महत्त्वाचं. इंग्रजी पुस्तकांतून लिंबाच्या रसाऐवजी 'क्रीम ऑफ टार्टर' लिहिलेलं असतं. ते मिळालं तर पाऊण लहान चमचा घाला, पण त्यासाठी मुंबईची खेप करू नका. फेसाला थोडा आंबटपणा हवा असतो, तो लिंबूही देतं. कॉर्नफ्लोअर घालायचं कारण असं की आपल्या नेहमीच्या मैद्याला ताण जास्त असतो. कॉर्नफ्लोअरनं तो कमी होतो आणि केक मऊ राहतो. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये आधीच कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं, म्हणून साखर घरीच दळावी.

भांडी

या केकचा खरा साचा मधे नळी असलेला असतो. नळीमुळे उष्णता मधल्या भागालाही पोचते आणि केकला वर चढायला आधार मिळतो. सात ते आठ इंच रुंद आणि निदान साडेतीन इंच उंच असा अ‍ॅल्युमिनियमचा साचा केकच्या सामानाच्या दुकानात मिळतो. नाही मिळाला तर पावाचे दोन लांबट साचे घ्या, त्यातही छान होतो. नॉनस्टिक साचा मात्र नको. त्याचं कारण पुढे येईलच.

फेटायला स्टीलचं किंवा काचेचं खोल पातेलं घ्या. प्लॅस्टिकच्या भांड्याला जुना तेलकटपणा धरून राहतो, तो धुतल्यानंही जात नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात पांढरं काळपट पडतं. पातेलं आणि फेटणी घासून झाल्यावर लिंबाच्या फोडीनं पुसून कोरडी करा. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीच्या तेलाचा हात सगळीकडे लागलेला असतो आणि तेलाचा एक थेंब या फेसाचा घात करतो.

कृती

१. अंडी फ्रिजमधून काढल्याबरोबर फोडा. थंड असताना बलक घट्ट असतो, फुटत नाही. पांढरं आधी एका लहान वाटीत घ्या आणि नीट पाहून मगच मोठ्या पातेल्यात ओता. एका बलकाचा थोडासाही अंश गेला तरी सातही अंड्यांचा फेस धरत नाही. वाटीत बलक उतरलाच, तर ते अंडं भुर्जीला ठेवून द्या आणि दुसरं फोडा. सगळं पांढरं निघालं की अर्धा तास बाहेर झाकून ठेवा. फेटताना ते थंड नसावं.

२. मैदा, कॉर्नफ्लोअर आणि निम्मी साखर एकत्र करून तीनदा चाळा. आळस करू नका. यात एकही गुठळी राहता कामा नये.

३. ओव्हन १७० अंश सेल्सियसवर तापत ठेवा. साच्याला काहीही लावू नका! तूप नाही, तेल नाही, मैद्याची भुकटी नाही, कागदही नाही. आपल्या हाताला सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते. हा केक कोरड्या भिंतीला धरून वर चढतो. भिंत तुपकट असली की घसरून खाली येतो. नॉनस्टिक साचा नको तो याचसाठी.

४. पांढरं सावकाश फेटायला लागा. साबणाच्या पाण्यासारखे मोठे बुडबुडे आले की मीठ आणि लिंबाचा रस घाला आणि वेग वाढवा. फेस बारीक आणि पांढरा झाला की उरलेली निम्मी साखर एकेक चमचा घालत जा. विजेच्या फेटणीला सारी मिळून सहा-सात मिनिटं पुरतात. हातानं वीसेक मिनिटं लागतील. तेव्हा घरच्या मंडळींना हाताशी घ्या.

५. कधी थांबायचं हे नीट समजून घ्या. फेटणी वर उचलली की फेसाचं टोक उभं राहावं आणि शेंडा हळूच वाकावा. फेस चकचकीत दिसला पाहिजे. तो कोरडा आणि दहीभातासारखा गुठळ्यांचा झाला, तर फेटणं जास्त झालं असं समजा. असा फेस ओव्हनमध्ये आणखी फुगू शकत नाही. शेवटी व्हॅनिला घाला.

६. आता फेटणी बाजूला ठेवा. चाळलेल्या मैद्याचा चौथा हिस्सा फेसावर चाळणीनंच भुरभुरवा. रुंद उलथनं मधोमध तळापर्यंत घाला, तळाचं मिश्रण उचलून वर आणा आणि पातेलं थोडं फिरवा. लुगड्याची घडी घालावी तसं हलक्या हातानं. मैदा दिसेनासा झाला की पुढचा हिस्सा. गोल गोल ढवळू नका, कमावलेली हवा निघून जाईल.

७. मिश्रण साच्यात ओता. तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका. सुरी एकदा मिश्रणातून फिरवून आतल्या मोठ्या पोकळ्या मोडा आणि लगेच ओव्हनच्या खालच्या फळीवर ठेवा.

८. नळीच्या साच्याला ३५ ते ४० मिनिटं, लांबट साच्यांना ३० मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. वरून बदामी रंग आला, चिरा पडल्या आणि त्या चिरा कोरड्या दिसल्या की बोटानं दाबून पाहा. खळगा आपोआप भरून आला म्हणजे केक झाला. लहान ओव्हनमध्ये वरची कांडी जवळ असल्यामुळे माथा लवकर रंगतो. तसं दिसलं तर वरची कांडी बंद करून फक्त खालची चालू ठेवा.

९. आता सगळ्यात गमतीचा भाग. साचा बाहेर काढल्याबरोबर उलटा करायचा. नळी एखाद्या जड काचेच्या बाटलीच्या तोंडात अडकवा. लांबट साचा असेल तर त्याच्या दोन्ही कडा दोन उलट्या डब्यांवर टेकवा. खालून हवा खेळली पाहिजे. दीड ते दोन तास तसाच राहू द्या. तो पडत नाही, भिंतीला धरलेला असतो. गरम असताना या केकच्या अंगात बळ नसतं. सरळ ठेवलात तर स्वतःच्याच भारानं दबतो. उलटा लोंबत थंड झाला की उंची कायम राहते.

१०. पूर्ण गार झाल्यावर पातळ सुरी भिंतीला आणि नळीला लावून फिरवा आणि केक ताटात काढा. कापायला पावाची दातेरी सुरी घ्या आणि करवतीसारखी मागेपुढे चालवा. साध्या सुरीनं दाबलात तर सगळी मेहनत चपटी होईल.

आपल्या हवेचं काय?

बोईसर, पालघर, तारापूर, चिंचणी ही सगळी समुद्राच्या अंगची गावं. पावसाळ्यात तिथे मीठ ओघळतं, पापड सादळतात. तसंच या फेसाचंही होतं. साखर हवेतलं पाणी ओढते आणि केक वरून चिकट राहतो. म्हणून हा केक थंडीतला. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला जानेवारी अगदी सोयीचा आहे. पावसाळ्यात करायचाच झाला तर उघडीप असलेला दिवस निवडा, साखर त्याच दिवशी दळा आणि केक गार होताच हवाबंद डब्यात ठेवा. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असेल तो दिवसही टाळा. निम्मा भाजलेला एंजल केक पुन्हा वर येत नाही. कुकरमध्ये वाळू घालून करायचा खटाटोप नको. तिथे तो खालून लागतो आणि वरून ओला राहतो. मायक्रोवेव्हमध्येही कन्व्हेक्शनची सोय असेल तरच करा.

सात बलकांचं काय करायचं?

हा प्रश्न मराठी गृहिणीला पडलाच पाहिजे! बलक वाटीत ठेवून वर थोडं थंड पाणी घाला, झाकण ठेवा आणि फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांच्या आत संपवा. दोन पूर्ण अंड्यांत चार बलक घालून मुलांना भुर्जी करा, पिवळीधमक आणि चविष्ट होते. उरलेल्या तीन बलकांचं अर्धा लिटर दुधात मंद आचेवर कस्टर्ड होईल.

गोव्यात तर बलकांवर एक अख्खं पक्वान्न उभं आहे, ते म्हणजे बिबिंका. मठातल्या नन्स अंड्याच्या पांढऱ्यानं कपड्यांना खळ देत, त्यातून उरलेल्या बलकांची नारळाच्या दुधात ही थरांची मिठाई झाली, असं तिकडे सांगतात. म्हणजे एका ठिकाणी बलक उरले म्हणून बिबिंका आणि आपल्याकडे एंजल केक केला म्हणून बलक उरलेले. ज्यांना हौस असेल त्यांनी दोन्ही करावं. एवढंच, की बिबिंकेचं ताट मामंजींच्या समोरून फिरवू नका.

वाढायचा कसा?

वर क्रीम लावायचं नाही, ते लावलं तर एवढा खटाटोप केलाच कशाला? जानेवारीत डहाणू-घोलवडचे चिकू येतात. त्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पिकलेल्या चिकूच्या पातळ चकत्या केकभोवती मांडा. केक गोड आहे, तेव्हा आंबटगोड फळ आणखी खुलतं. संत्र्याच्या सोललेल्या पाकळ्या किंवा डाळिंबाचे दाणे चांगले दिसतात. जूनमध्ये कुणाचा वाढदिवस असेल तर पालघरजवळच्या बहाडोलीची जांभळं आहेतच. बिया काढून, थोड्या पाण्यात शिजवून, त्याचा जांभळा रस पांढऱ्या फोडीवर सोडा. फळं मधुमेह नसलेल्यांनाच मनमोकळेपणी वाढा.

केक आदल्या दिवशी केला तरी चालतो. डब्यात दोन दिवस चांगला राहतो. पहिल्यांदाच करत असाल तर वाढदिवसाच्या आठवडाभर आधी एकदा करून पाहा. आपला ओव्हन किती तापतो ते कळतं आणि ऐन दिवशी जिवाला घोर लागत नाही.

पथ्याचं वेगळं ताट

आता थोडं केकपलीकडचं. आपल्या घरात आजारी माणसाला जपायची पद्धत म्हणजे त्याचं ताट वेगळं करायचं. अळणी भाजी वेगळी, बिनतुपाची पोळी वेगळी, सफरचंदाच्या फोडी वेगळ्या. यात माया असते, कष्टही दुप्पट असतात. पण त्या माणसाच्या बाजूनं पाहा. जन्मभर ज्यानं पंगतीत मध्ये बसून वाढून घेतलं, त्याला आता रोज दोन वेळा आठवण करून दिली जाते की, तू आता आमच्यातला नाहीस, तू रोगी आहेस. केक कापायच्या वेळीच मामंजींना फिरायला जावंसं वाटतं, ते काही पाय मोकळे करायला नव्हे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला माझं सांगणं आहे की, हा केक "मामंजींचा खास" म्हणून बाजूला ठेवू नको. त्या दिवशी घरात दुसरा केक आणायचाच नाही. नातवंडांनी, आल्या-गेल्यांनी, सगळ्यांनी हाच खायचा. मुलं विचारतील, क्रीम कुठे आहे? त्यांना केक उलटा कसा टांगतात ते आदल्या दिवशी दाखव, म्हणजे क्रीमची आठवण राहणार नाही. आणि "तुम्हाला हा चालतो हं," असं चारचौघांत म्हणू नको. नुसतं वाढ.

हीच गोष्ट रोजच्या स्वयंपाकातही करता येते. कमी तेलाची एकच भाजी सगळ्यांसाठी करावी आणि ज्याला हवं त्यानं वरून तेल किंवा तूप घ्यावं. आमटीत मीठ बेतानं घालून मिठाची वाटी पानाजवळ ठेवावी. घरातल्या धडधाकट माणसांनाही त्यानं अपाय होत नाही, झाला तर फायदाच होतो. आणि तुमचा एक स्वयंपाक वाचतो तो वेगळाच.

ज्या घरी अंडं चालत नाही त्यांनी हा केक वगळावा. अंड्याशिवाय तो होत नाही आणि दुसरं काही घालून केलेल्याला हे नाव शोभत नाही. त्यांच्यासाठी बिनअंड्याचा, बिनलोण्याचा खजुराचा केक पुढच्या खेपेला देईन. तोपर्यंत ज्यांनी एंजल केक केला असेल त्यांनी किती उंच झाला ते जरूर कळवा. मात्र साच्याला तूप लावलं होतं की नाही, तेही खरं लिहा!